चुरम्याची परीक्षा

सोळा सोमवारांच्या उद्यापनाचा दिवस जवळ आला, आणि आक्कांच्या गळ्याखाली प्रसाद उतरेल का, याचीच घरात काळजी. दुखण्यानंतर त्यांना फक्त पातळ किंवा अगदी मऊ चाले. बारीकसा कण लागला तरी जीव घाबरा होई. या व्रताचा प्रसाद म्हणजे चुरमा, तो रवाळच. दुधात त्याचं मऊ पेय व्हावं म्हणून त्यांची सून वत्सला छोटा ब्लेंडर बघायला गेली.

दुकानदार जगन्नाथशेठांनी मधल्या किमतीचा पुढे केला, केळं-दूध फिरवलं आणि ऐटीत पेला धरला. "बघा वहिनी, लोणी झालं. आता विचार कसला करताय?"

"केळं आक्का हिरड्यांनीच चुरतात, शेठ. त्यांना जमत नाही ते याला जमतं का, बघू." वत्सलाने पिशवीतून चुरम्याचा डबा काढला.

शेठ दचकले. पाती अडकली तर गिऱ्हाइकांसमोर शोभा. त्यांनी कानाला हात लावला. "प्रसादावर यंत्राची परीक्षा? पाप लागेल, वहिनी."

वत्सला शांतपणे म्हणाली, "नैवेद्य दाखवल्यावर तो प्रसाद. आज हा नुसता चुरमा आहे. इथे परीक्षा टाळली, तर ती सोमवारी आक्कांच्या गळ्यात होईल. ते पाप कुणाचं, शेठ?"

शेठांनी चुरमा-दूध फिरवलं. वत्सलाने ते फडक्यातून गाळलं. फडक्यावर कण उरला नाही. सुटकेचा श्वास आधी शेठांनीच सोडला.

वत्सलाने ब्लेंडर घेतला. सोमवारी आक्कांनी प्रसादाचा पेला कपाळाला लावला आणि सावकाश रिकामा केला. असा सुखाचा घोट देव सगळ्यांना देवो.