मोरचुदाची घंटा

एका राज्यात देवळापुढे तांब्याची थोरली घंटा होती. पहाटे ती वाजे आणि मग राज्यातली लेकरे डोळे उघडत. तिच्या नादाशिवाय एकही मूल जागे होत नसे. त्या भूमीची रीतच तशी होती.

तिथला राजा उग्रवर्मा फार ताठ. पूर्वेकडे तोंड केल्यावाचून तो पाणी पीत नसे, न्याय देत नसे, अग्नीही पेटवत नसे. एकदा एक मांत्रिक देवळात आला आणि पश्चिमेकडे तोंड करून त्याने हात जोडले. राजाने त्याला चारचौघांत हसून बाहेर काढले. मांत्रिक रागावला नाही. जाताना घंटेवर हात फिरवून एवढेच म्हणाला, "दिशेचा एवढा ताठा बरा नव्हे, राजा."

दुसऱ्या पहाटे घंटा वाजली नाही. साखळीखाली निळ्या खड्यांचा ढीग पडला होता. घंटेचे मोरचूद झाले होते. घरोघर लेकरे निजलेलीच राहिली. राजाची एकुलती एक कन्या तारावली, तीही. श्वास चाले, पण पापणी हलेना. आया कापसाच्या बोळ्याने ओठांवर दूध पिळत बसल्या. दिवसेंदिवस लेकरांचे गाल बसत चालले.

तेव्हा मांत्रिकाच्या पिंजऱ्यातून सुटलेली एक साळुंकी राजवाड्याच्या खिडकीत येऊन बसली. शाप कसा उतरतो ते तिला ठाऊक होते. राजाने ते खडे मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या मातीच्या भांड्यात घालून स्वतःच्या हाताने तीन आचा द्यायच्या, असे तिने सांगितले. पहिली आच मंद. तिने खड्यातले पाणी जाईल आणि निळे ते पांढरे होईल; मग त्यावर थेंब पडू द्यायचा नाही. दुसरी आच प्रखर. तिने विषाचा श्वास सुटेल आणि काळी राख उरेल. तिसरी आच कोळशासह. तिने राखेचे तांबे होईल.

"दुसरी आच उघड्या माळावर दे," साळुंकी म्हणाली. "मुशीचे तोंड झाकू नकोस, कोंडलेला श्वास मूस फोडतो. आणि वारा पाठीशी घे."

"मी पूर्वेकडे तोंड करून बसतो," राजा म्हणाला.

"बस बापडा. वारा तुला दिशा विचारून वाहणार आहे थोडाच."

पहिली आच राजवाड्याच्या अंगणात दिली. राणी मेघावती शेजारी बसून लाकडी पळीने खडे हलवत होती. खडे तडतडले, वाफ गेली, निळाई ओसरली आणि मुशीत पिठासारखी पांढरी भुकटी राहिली. ती पाहून राणीला लेकीचा उतरलेला चेहरा आठवला. तिच्या डोळ्यांतून एक थेंब भुकटीत पडला आणि तेवढी जागा पुन्हा निळी झाली.

राजा करड्या आवाजात म्हणाला, "रडायचे असेल तर बाहेर जा."

राणीने पदराने डोळे कोरडे केले. ती बाहेर गेली नाही. राजाने विस्तव पुन्हा फुलवला आणि तो निळा ठिपका विरेपर्यंत ती पळी फिरवत राहिली.

दुसऱ्या आचेसाठी मूस गावाच्या मावळतीकडल्या माळावर नेली. राजा पूर्वेकडे तोंड करून बसला आणि त्याने स्वतः अग्नी पेटवला. राणी त्याच्या शेजारी भाता घेऊन बसली. वारा पूर्वेचाच होता, थेट तोंडावर येणारा. साळुंकी वरून ओरडली, पलीकडे जा म्हणून. राणीने राजाकडे पाहिले. "महाराज, जरा पलीकडे बसू या का?"

"माझ्या बापाने अग्नीपुढे कधी दिशा बदलली नाही," राजा म्हणाला.

राणी भाता ओढत राहिली. मूस लाल झाली. मग पांढरा, झणझणीत धूर उठला आणि वाऱ्याने तो दोघांवर लोटला. राजाचा घसा जळला, डोळ्यांपुढे अंधारी आली. राणी खोकली, पुन्हा खोकली, पण भाता सोडीना. आच विझली तर लेक निजलेलीच राहील, एवढेच तिच्या मनात होते. मग तिचा हात थांबला. राजाने तिला उचलून धुराबाहेर आणले तेव्हा ती गेली होती.

मुशीतली भुकटी अजून पांढरी होती. आच निम्मीच झाली होती.

राजाने राणीला गवतावर निजवले. तिच्या हातून सुटलेला भाता उचलून तो आगीच्या पलीकडे गेला, वारा पाठीशी घेतला आणि जन्मात पहिल्यांदा अग्नीपुढे पश्चिमेकडे तोंड करून बसला. धूर त्याच्यापासून दूर दूर गेला. डोळे भरले की तो मान बाजूला वळवी आणि थेंब मातीत पडू देई. मुशीत एकही पडू दिला नाही. धूर पार सरला तेव्हा तळाशी काळी राख होती.

तिसऱ्या आचेला त्याने राखेत कोळशाची पूड मिसळली. लाल तांबे वितळले, साच्यात उतरले, घंटा झाली.

पहाटे राजाने ती स्वतः वाजवली. घरोघर लेकरांनी डोळे उघडले, ती भुकेने रडू लागली. त्या रडण्याने सगळे राज्य हसले. शाप सरला. राजा लेकीपाशी धावला. तारावलीने कूस बदलली, बापाला पाहिले आणि विचारले, "आई कुठंय?"

राजाने तिला कडेवर घेतले आणि माळावर नेले.

त्या राज्यात आता भट्टी पेटवण्याआधी मूठभर माती उडवून वारा पाहतात आणि मगच बसतात. सकाळी सारी प्रजा उगवतीला हात जोडते. राजा तेवढा एकटा मावळतीकडे तोंड करून उभा राहतो. राणी त्या बाजूच्या माळावर गवतात निजली होती.