धुर्पदाक्काची पाठ

ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती वर्षांपूर्वीची, ते उंबरखडीत कुणी सांगत नाही. साल सांगितलं तर तेव्हा कुणाचा आजा शाळेत मास्तर होता आणि कुणाच्या पणजीच्या हातात काय असायचं, तेही सांगावं लागेल. म्हणून आपणही फार वर्षांपूर्वी एवढंच म्हणू. लहानांनी ऐका, मोठ्यांनी ऐका. मोठ्यांनी जरा पुढं सरकून बसा.

उंबरखडीची शाळा तेव्हा एका लांबड्या कौलारू खोलीत भरायची. चार इयत्ता, दोन मास्तर. झाडलोट करायला, पाण्याचे हंडे भरायला आणि घंटा द्यायला एक बाई होती. तिचं नाव धुर्पदा, पण सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. तिचा नवरा लवकर गेला होता, मूलबाळ झालं नव्हतं. शाळेच्याच पडवीत एका कोपऱ्यात ती राहायची.

त्या काळी पोराला मारलं की पोर सुधारतं, असं सगळेच धरून चालायचे. घरी मार होता, शाळेत मार होता. आणि उंबरखडीची पोरं मात्र तालुक्यात बदनाम होती. ती एकमेकांना चावायची, पाट्या फोडायची, कुत्र्याच्या पिल्लांना विहिरीत टाकायची. मारुत्या म्हणून एक होता. त्यानं कुणाला चावलं की मोठे मास्तर त्याला मारायचे, आणि मारलं की तो दुसऱ्या दिवशी दोघांना चावायचा.

एक दिवस मास्तरांनी मारुत्याला पडवीत उभं केलं होतं. अक्का झाडत होती. तिनं झाडू बाजूला ठेवला आणि त्याच्याजवळ फरशीवर बसली. का चावलास, हे त्याला सगळ्यांनी विचारून झालं होतं. तिनं ते विचारलं नाही.

"मारुत्या, कुठं दुखतंय रं?"

पोरगं बघतच राहिलं. मग म्हणालं, "पाठीत." आणि बोलायला लागलं. बाप दारू पिऊन येतो, गोठ्यातलं दावं काढतो, आई आड आली की तिलाही मारतो. अक्का मधे काही बोलली नाही. ऐकत राहिली. बोलून झाल्यावर मारुत्या रडला, घटाघटा पाणी प्याला आणि आत जाऊन बसला. त्यानंतर तो कधी कुणाला चावला नाही.

असं म्हणतात, की दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर वळ नव्हता. आणि अक्का घंटा द्यायला उभी राहिली तेव्हा तिच्या चोळीतून रक्त आलं होतं. दाव्याचा पीळ होता तसाच्या तसा तिच्या पाठीवर उमटला होता.

मग हळूहळू सगळीच पोरं अक्काकडं यायला लागली. ती कुणाला बोलावत नव्हती. पोर जवळ येऊन बसलं की कुठं दुखतंय एवढंच विचारायची, आणि ऐकायची. असं म्हणतात, की पोरानं जे दुखणं सांगितलं ते पोराच्या अंगातून जायचं आणि अक्काच्या पाठीवर यायचं, मार कुठंही बसलेला असो. छडीचे वळ आले, पट्ट्याच्या बक्कलाची खूण आली, चिमट्याचा चटका आला. आणि शाळा बदलली. पोरं भाकरी वाटून खाऊ लागली. धाकट्यांना मोठी पोरं हाताला धरून ओढा पार करून आणू लागली. पाढे म्हणताना कौलांवरची पाखरं उडायची, इतका आवाज लागायचा.

वर्षभरानं तालुक्याचे साहेब तपासणीला आले. खूश झाले. "मास्तर, ही तीच पोरं का? कसं केलंत?" त्यांनी विचारलं.

मोठे मास्तर म्हणाले, "शिस्त, साहेब."

साहेबांनी त्यांना शाल दिली. अक्का तेव्हा ओढ्यावर पाणी भरत होती.

पुढं गावाला सगळं कळलं. आता तुम्हाला वाटेल, गाव शरमलं असेल. शरमलं होतं. आठ दिवस गावात कुणी पोरावर हात उचलला नाही. नवव्या दिवशी एका घरात पोरानं तेल सांडलं. त्याला आधी बडवलं, आणि मग आईच म्हणाली, "जा, अक्काला सांगून ये. जाईल दुखणं."

तिथून सवय लागली. मारायचं आणि अक्काकडं पाठवायचं. पोराच्या अंगावर खूण राहत नव्हती, त्यामुळं हात जास्तच सैल सुटले. आणि गाव काही कृतघ्न नव्हतं हं. घरोघरून अक्काला हळद जायची. वळांवर लावायला.

शेवटी एका सकाळी अक्का गावच्या पारावर गेली. चार शहाणी माणसं बसली होती, पाटील होता, मास्तरही होते. ती म्हणाली, "माझ्या पाठीत आता जागा न्हाई. हात आवरा."

मग पाटील उठला, डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि म्हणाला, "अक्का, तू देवमाणूस हायस." आणि तिच्या पाया पडला. त्याच्यामागं सगळे पाया पडले. आणि पाया पडून झाल्यावर जो तो आपापल्या घरी गेला. अक्का पारावर एकटीच उभी राहिली.

तिसरीत अनुसा नावाची एक मुलगी होती. नऊ वर्षांची, अंगानं काडी, पण डोळे तीक्ष्ण. एकदा ओढ्यावर अक्का अंग धूत असताना तिनं अक्काची पाठ बघितली. ती तशीच पळत शाळेत आली आणि सगळ्या पोरांना चिंचेखाली गोळा केलं.

"आजपासनं अक्काला कुणी काय सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "किती बी दुखलं तरी."

पोरांनी विद्येची शपथ घेतली. मोठ्यांना जे जमलं नाही ते पोरांनी एका दुपारी केलं. अक्का जवळ येऊन बसली की पोरं तोंड फिरवायची. "पडलो," म्हणायची, "खेळताना लागलं," म्हणायची. पण दुखणं आत राहिलं, आणि पाट्या पुन्हा फुटू लागल्या. अक्काला कारण कळायला वेळ लागला नाही. असं म्हणतात, की एवढी वर्षं एवढं अंगावर घेऊन ती कधी रडली नव्हती. त्या दिवशी पडवीत बसून ती रडली.

महिन्याभरानं अनुसाच्या हातून दूध सांडलं. तिची आई पारूबाई. बाई वाईट नव्हती, कामानं पिचलेली होती. हातात उलथनं होतं, तापलेलं. तिनं ते तसंच पोरीच्या दंडावर टेकवलं. अनुसानं कुणाला सांगितलं नाही. दंड चिघळला, ताप चढला. ती चार दिवस शाळेत आली नाही तशी पाचव्या दिवशी दुपारी अक्का तिच्या दारात गेली.

पारूबाई चुलीपाशी बसली होती. तिनं मान वर केली नाही. "अक्का, तू घे की ऐकून तिचं," ती म्हणाली. "तुला सवय हाय."

अक्का म्हणाली, "आधी तू विचार तिला. एकदा तरी आईनं विचारावं."

पारूबाई उठली, पोरीच्या अंथरुणाशी गेली, तोंड उघडलं. पण शब्द आला नाही. ती परत येऊन चुलीपाशी बसली.

मग अक्का अनुसाजवळ बसली. "सांग गं बाळ."

अनुसानं दात आवळले. "न्हाई. सांगितलं तर तू मरशील."

"न्हाई मरत."

"खोटं बोलतीस."

अक्कानं तिच्या तापलेल्या कपाळावर हात ठेवला. मग म्हणाली, "बरं, मरीन. पर माझं समदं बघून झालंय. तुझं अजून काय सुरूच झालं न्हाई."

तरी पोरगी बोलली नाही. ऊन उतरेपर्यंत दात आवळून पडून राहिली. मग ताप डोक्यात गेला आणि तिला शुद्ध राहिली नाही. बरळताना ती बोलली. "आई, नको गं. आई, भाजतंय. दूध मी मुद्दाम न्हाई सांडलं." ती आईशी बोलत होती, आणि आई चार हात अंतरावर बसून ऐकत होती. हात धरून "व्हय बाळा, व्हय" म्हणणारी मात्र अक्का होती.

असं म्हणतात, की तिन्हीसांजेला अनुसाला घाम फुटला आणि दंडावरची कातडी लहान बाळासारखी कोवळी झाली. अक्का भिंतीला धरून उठली आणि चालत शाळेकडं गेली. दुसऱ्या दिवशी शाळेची घंटा झाली नाही. पोरं गेली तेव्हा ती पडवीत भिंतीला टेकून बसलेली होती, थंड.

बायकांनी तिला अंघोळ घालायला घेतली आणि चोळी सोडली. पाठीवर अख्खं गाव होतं. प्रत्येकीला आपापल्या घरची खूण ओळखता आली. कुणाच्या नवऱ्याचं बक्कल होतं, कुणाच्या सासूचा चिमटा होता. पारूबाईच्या उलथन्याच्या टोकाला एक खाच होती. ती खाचही होती. कुणी कुणाकडं बघितलं नाही. बाहेरून पुरुष हाका मारत होते, इतका उशीर का म्हणून. बायकांनी घाईघाईनं नवं लुगडं गुंडाळलं आणि पाठ झाकली. आत काय दिसलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मग तुम्हाला कसं कळलं, असं विचाराल. दाराच्या फटीतून पोरं बघत होती.

अनुसा जगली. मोठी झाली, गावातच लग्न करून राहिली. तिनं तिच्या सात पोरांपैकी एकाच्याही अंगाला कधी बोट लावलं नाही, आणि त्यांनी त्यांच्या पोरांना लावलं नाही. त्या घरातल्या पोरांना गाव अजून लाडावलेली म्हणतं.

आणि गावानं काय केलं? गावानं पडवीत अक्काचा दगड बसवला. श्रावणातल्या ज्या दिवशी ती गेली तो अक्काचा दिवस. सकाळी पोरं दगडाला हळद वाहतात, मास्तर चार शब्द बोलतात, गूळखोबरं वाटतात. त्या दिवशी उंबरखडीत घरी किंवा शाळेत कुणीही पोरावर हात उचलत नाही. ही रीत एकदाही मोडलेली नाही, हे गाव छाती पुढं काढून सांगतं. पोरांनाही ते पक्कं ठाऊक असतं. ती त्या दिवशी दूध सांडतात, शाई ओततात, ओढ्यात कपड्यांसकट उड्या मारतात. आणि दाराशी उभ्या राहिलेल्या आया हात मागं बांधून म्हणतात, "थांब मेल्या. उद्या बघते तुला."