दोन फांद्यांवरचा वकील

आटपाट रान होतं. रानात कोर्ट होतं आणि कोर्टात वकिली फक्त कावळ्यांनीच करायची असा कायदा होता. काळा कोट त्यांना शिवावा लागत नसे. न्यायमूर्ती घुबड होते. कोर्ट भर दुपारी भरे, कारण न्यायाने कुणाचं तोंड पाहू नये आणि घुबडाला उन्हात काही दिसत नाही.

या रानात साळूबाई साळिंदर राहायची. एकदा ती मुळं उकरायला गेली आणि तरसराव तिच्या बिळात शिरून बसले. तरसराव सत्ताधारी पक्षाचे. साळूबाईची पिलं बाभळीखाली उघड्यावर पडली, वर घारी घिरट्या घालू लागल्या. तिने ॲडव्होकेट डोमकावळ्यांना वकीलपत्र दिलं.

"निर्धास्त राहा, बाई," डोमकावळे म्हणाले. "तुमचं बीळ ते माझं बीळ."

हेच त्यांनी तरसरावांनाही सांगितलं होतं.

सुनावणीला डोमकावळे डाव्या फांदीवर बसून साळूबाईच्या बाजूने पुटपुटले. मग टुणकन उजव्या फांदीवर गेले आणि तरसरावांच्या बाजूने कडाडले.

"डावीकडच्या वकिलांना यावर काही म्हणायचंय?" घुबडांनी विचारलं.

डोमकावळे परत डावीकडे आले. "उजवीकडच्या माझ्या विद्वान मित्रांनी मला निरुत्तर केलंय, महाराज."

साळूबाईचे काटे ताठ उभे राहिले. "अहो महाराज, दोन्हीकडे हा एकच मेला बसतोय!"

"जे सांगायचं ते आपल्या वकिलामार्फत सांगा."

"माझ्या अशिलाला काही सांगायचं नाही," डोमकावळे म्हणाले.

बीळ तरसरावांचं ठरलं.

साळूबाई तणतणत वकिलांच्या शिस्त समितीकडे गेली. समितीत सगळे कावळेच, एका माळेचे मणी. आणि कावळ्यांची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, एकाला कुणी हात लावला की अख्खा थवा गोळा होतो. दुपारभर कावकाव झाली आणि ठराव झाला: साळूबाईने एका कावळ्याचा अवमान केला आहे, सबब तिचं वकीलपत्र कोणीही घेऊ नये. तक्रार करायची तिला पूर्ण मुभा आहे, फक्त ती वकिलामार्फत करावी.

तेवढ्यात निवडणूक आली. विरोधी पक्षाचे लांडगेसाहेब सभेत गरजले, "बंधूंनो आणि भगिनींनो! आमच्या साळूताईचं बीळ ही या रानाची अस्मिता आहे! आमचं राज्य आणा, पहिल्याच दिवशी त्या डोमकावळ्याची पिसं उपटतो!"

साळूबाईला मंचावर बसवून हार घातला. हार काट्यांत अडकून फाटला, फोटो मात्र छान आला. साळूबाई ढसाढसा रडली. इतक्या मायेने तिला कुणी ताई म्हटलं नव्हतं.

लांडगेसाहेब दणदणीत निवडून आले. साळूबाई पिलांना घेऊन लगोलग राजवाड्यावर गेली. कायदामंत्र्यांच्या खुर्चीत डोमकावळे बसले होते. पिसं सगळी जागच्या जागी होती.

"तुम्ही? इथं?"

"मतमोजणी चालू असतानाच माझं मन पालटलं, बाई. तुमची व्यथा ऐकून." डोमकावळ्यांनी पंखाने डोळे टिपले. "आणि आनंदाची बातमी ऐका. तरसरावही आता आमच्याच पक्षात आलेत. तुमचं बीळ त्यांनी सरकारला दान केलं. अन्याय झालेल्यांसाठी तिथं मदत केंद्र काढलंय. तुमचा अर्ज तिथंच द्या."

साळूबाई आपल्याच बिळासमोर रांगेत उभी राहिली. ऊन कलल्यावर तिचा नंबर लागला. केंद्रप्रमुख तरसरावांनी बिळातून मान बाहेर काढली, तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि रहिवासाचा दाखला मागितला.