गोलपुढची हरळी

“मग अजून करायचं तरी काय राहिलं, तात्या?”

अजिंक्य सरनोबतचा आवाज जरा चढलाच होता. शेतकी कॉलेजात पहिला आलेला गडी तो. तालमीच्या फुटबॉल मैदानाचा कारभार त्याच्याकडं आलेला. गेल्या साली अर्ध्या तासातच गोलपुढचं गवत सोलून निघालं आणि सामना थांबवावा लागला. कमिटी प्लास्टिकचं गवत अंथरायला निघाली, तर हा भर बैठकीत उठून म्हणाला, “खरं गवत टिकवून दाखवतो. नाही टिकलं तर खुशाल प्लास्टिक घाला.”

शब्द देऊन बसला. आता फायनलला दोन महिने उरलेले.

सिद्रामतात्यांनी चाळीस वर्षं हेच मैदान राखलेलं. ते गोलपुढच्या गवताकडं बघत उभे होते.

“सकाळ-संध्याकाळ पाणी देतो. खत देतो. दोरी बांधलीय, कुणाला पाऊल टाकू देत नाही. बघा की, कसं हिरवंगार आहे!”

“हाय खरं हिरवं...”

तात्या गुडघ्यावर हात देऊन खाली बसले. हरळी मुठीत धरली आणि ओढली.

मुठीतलं सगळं मुळासकट अलगद वर आलं. मुळं बोटाच्या पेराएवढीसुद्धा नव्हती.

अजिंक्य बघतच राहिला.

तात्या उठले, हळूहळू चालत मैदानाच्या कोपऱ्यावर गेले. तिथून गल्लीतली माणसं तालमीकडं आडवी जायची, सायकली जायच्या. हरळी तिथं बुटकी, धुळकट.

“उपट.”

अजिंक्यनं ओढली. पाती तुटून हातात आली. दोन्ही हातांनी ओढली. बोट कापलं, पण हरळी काही जागची हलेना.

“हितं सकाळ-संध्याकाळ पाणी कोण घालतं रं?”

अजिंक्यनं कापलेलं बोट तोंडात घातलं.

“आठ दिसांनी एकदा घाल. पोटभर. मधी थेंब न्हाई. आन् ती दोरी सोड. एक दिसाआड पोरं खेळू देत.”

“मरेल ना ते!”

तात्या घराच्या वाटेला लागले होते.

त्याच दिवशी त्यानं दोरी सोडली, पाण्याची चावी बंद केली.

पाचव्या दिवशी पात्यांनी अंग आकसून घेतलं. विसाव्या दिवशी मैदान पिवळं. तालमीच्या कट्ट्यावरनं हाळी आली, “ओ सरनोबतसाहेब, पीक तयार झालं! कापणीला कधी येऊ?”

कमिटीचे अध्यक्ष तर प्लास्टिकवाल्याला घेऊन मापं काढून गेले.

त्या दुपारी अजिंक्यचा हात चावीवर गेला... बराच वेळ तिथंच राहिला. मग त्यानं चावीला तार गुंडाळली, पक्कडीनं पिळली, आणि आठवा दिवस उजाडेतोवर तिकडं फिरकला नाही.

असे सगळे आठवडे काढले. दात-ओठ खाऊन काढले.

फायनलला मैदानाभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. नव्वद मिनिटं रगडारगडी झाली. गडी घसरले, आपटले, बुटांनी नांगरल्यासारखं केलं. पाती चुरगळली. जमीन सोलून निघाली नाही. अध्यक्षांनी प्लास्टिकचं नावसुद्धा काढलं नाही.

माणसं पांगल्यावर अजिंक्य तात्यांना हाताला धरून मैदान दाखवायला निघाला. छाती पुढं.

गोलपाशी आला आणि थबकला. दोन खांबांच्या मधोमध ताटाएवढी जागा उघडी पडली होती. नुसती माती.

त्याचं तोंड उतरलं.

“सगळीकडं टिकलं, तात्या... इथंच कसं गेलं? माझं काय चुकलं?”

तात्या वाकले. त्या मातीवरनं तळहात फिरवला. एकदा या खांबाकडं पाहिलं, एकदा त्या...

“गोलकीपर हितंच हुबा हुता न्हवं?”

“हो.”

“मग गडी चांगला खेळला म्हणायचा.”