डिझेल गाडीचं दुखणं

गाड्या आपसांत बोलत, त्या काळची गोष्ट. कराडच्या डॉक्टर वासंतीबाईंनी दणकट म्हणून डिझेल गाडी घेतली. पण दवाखाना हाकेच्या अंतरावर. इंजिन तापायच्या आत प्रवास संपे. लांब धावून इंजिन तापलं तरच जळणारी काजळी हळूहळू गाडीच्या पोटात साचली आणि एका अडलेल्या बाळंतिणीकडे निघताना ती दारातच बंद पडली. शेवटी शेजारच्या छोट्या पेट्रोल गाडीने बाईंना वेळेवर पोचवलं.

"मी निकामी झाले का गं?" डिझेल गाडीने रडवेल्या आवाजात विचारलं.

"छे! तुला मनासारखं धावायलाच मिळत नाही," पेट्रोल गाडी म्हणाली.

बाईंनी स्वतःसाठी तशीच एक छोटी पेट्रोल गाडी आणली आणि डिझेल गाडी दुरुस्त करून पुणे-बेळगाव फेऱ्या मारणाऱ्या भाच्याला, हर्षदला दिली. हायवेला लागताच तिने मोकळा श्वास घेतला.

बेळगावहून हर्षदचा फोन आला, "मावशी, हिला कसलं दुखणं? ही तर थांबायचं नाव घेत नाही!"