मोरीतली पोती

एका डोंगराळ मुलखात एक गाव होतं. फार पूर्वीचं म्हणावं, तर त्या काळी प्लास्टिक नव्हतं. म्हणजे गोष्ट अलीकडचीच, फक्त तिथे अजून राजा होता असं धरून चालू.

राजाने फर्मान काढलं होतं. पातळ पिशव्या बंद. बाकीचं प्लास्टिक घरोघरी धुऊन, वाळवून, वेगळं ठेवायचं. राजाची गाडी ते कारखान्यात नेईल आणि वितळवून त्याच्या नव्या वस्तू होतील. ज्या गावात कचरा दिसणार नाही, त्याला चांदीचा झाडू बक्षीस. या झाडूने गावच्या पाटलाला पार झपाटलं. तो टांगायला त्याने चावडीच्या भिंतीत आधीच खिळा ठोकून ठेवला.

पण धुण्या-वाळवण्याचा कंटाळा साऱ्या गावाला, आणि सगळ्यांत जास्त पाटलाला. तेलकट पिशव्या, चिखलाने भरलेल्या बाटल्या चावडीमागे पोत्यांत तशाच साठत गेल्या. गाडीवान नाक मुरडून रिकामी गाडी परत न्यायचा. अशात सांगावा आला, की परवा तपासनीसबाई येणार.

पाटलाने डोकं चालवलं. गावाच्या वरच्या अंगाला मातीचा बांध घातलेला तलाव होता. बांधाच्या पोटातून पाणी सोडायची दगडी मोरी होती. ती वर्षातून एकदाच, दसऱ्याला, पाटलाने नारळ वाढवून उघडायची, अशी रीत. तोवर तिच्याकडे कुणी फिरकत नसे. पाटलाने भर दुपारी, गाव रानात असताना, दोन गड्यांना हाताशी धरून सगळी पोती मोरीच्या खालच्या तोंडातून ठासून भरली आणि गड्यांना लांबच्या मळ्यावर धाडून दिलं. बाई एकदा गेल्या, की दसऱ्याआधी गुपचूप काढून घेऊ, असा त्याचा बेत होता.

बाईंच्या आधी आला हस्ताचा पाऊस. रात्रभर कोसळला आणि सकाळीही थांबेना. बाईंनी भिजत गल्ल्या पाहिल्या, ओढा पाहिला, खूश होऊन मान डोलावली. चावडीत बाईंनी आणलेल्या झाडूवरचं फडकं निघणार, इतक्यात तलावात मासे धरणारा कोळी धापा टाकत आला.

"पाटील, पाणी बांधाच्या डोक्याला टेकलंय. मोरी आत्ताच उघडा, नाहीतर बांध राहत नाही."

बांधाखालीच खालची आळी होती. म्हातारी माणसं, पाळण्यातली पोरं, सगळी तिथेच. गाव बांधावर धावलं. चार जणांनी साखळी ओढून मोरीचं तलावाकडचं तोंड झाकणारी फळी वर उचलली. खाली लोंढा यायला हवा होता. आली ती करंगळीएवढी धार.

"फळीपाशी काहीतरी अडकलंय," कोळी म्हणाला आणि कमरेला दोर बांधू लागला. "बुडी मारून बघतो."

फळीपाशी काही नाही, हे तिथे एकट्या पाटलालाच ठाऊक होतं. कोळी खाली असताना पोत्यांचा बोळा सुटला, तर पाणी त्याला मोरीत ओढून नेणार होतं. आणि खरं सांगावं, तर भर गावात, बाईंच्या देखत, अब्रूचं खोबरं.

"थांब जरा," तो म्हणाला. "पाऊस ओसरेल."

"ओसरेल तेव्हा ओसरेल. आळी आधी जाईल."

कोळ्याच्या बायकोने दोराचं दुसरं टोक पाटलाच्या हातात दिलं. "तुम्ही धरा, पाटील. तुमच्या हाती असला म्हंजे मला घोर नाही."

बांधाच्या कडेची माती ढासळली. कोळी छातीपर्यंत पाण्यात उतरला. दोर पाटलाच्या मुठीतून सरकू लागला आणि त्याला तो सोडवेना, धरवेना.

"वर ये," तो म्हणाला. त्याने दोर खेचला आणि पुन्हा म्हणाला, "वर ये गड्या. तिथे काही नाही. खालून मी पोती भरलीत. आपल्या कचऱ्याची."

कोळ्याच्या बायकोने पाटलाच्या हातून दोर काढून घेतला आणि नवऱ्याला वर ओढलं. तपासनीसबाई म्हणाल्या, "आधी फळी खाली सोडा. मग पोती ओढा."

पाटील पागोटं फेकून सगळ्यांच्या आधी बांधाखाली उतरला आणि मोरीत वाकला. कुणीतरी लोखंडी आकडी दिली. पोती फाटत होती, पिशव्या हाताला चिकटत होत्या, वरून माती पडत होती. शेवटचं पोतं निघालं तेव्हा त्याची बोटं सोलवटली होती. फळी पुन्हा उचलली, आणि पाणी गर्जत ओढ्याला मिळालं. दोन घरांची परसं वाहून गेली. खालची आळी वाचली.

बाईंनी झाडू फडक्यात गुंडाळला. "बोललात म्हणून माणूस वाचला, पाटील. पण झाडू मिळायचा नाही."

"नकोच," पाटील म्हणाला. "ही पोती तेवढी न्या."

"धुऊन द्या. मग नेऊ."

सारं गाव धुवायला बसलं, पाटील सगळ्यांत पुढे. त्या दसऱ्याला मोरीचा नारळ त्याने कोळ्याच्या हातून वाढवून घेतला. आता गाडी भरून जाते, आणि चावडीतल्या त्या खिळ्याला ती आकडी टांगलेली असते.

तात्पर्य: लपवलेला कचरा कुठेही जात नाही, तो ऐन वेळी आपलीच वाट अडवतो.