मालूची वाट

अहो पाहुणे, जरा मागं सरा. पाय छपरावर पडतोय तुमचा! हसू नका, दर वर्षी कुणी ना कुणी असं चढतंच. ओहळवाडीत घर लांबून दिसत नाही, दारात पोचल्यावर कळतं. मागची बाजू डोंगराची, पुढं कमरेएवढी काळ्या दगडाची भिंत, वर गवताचं छप्पर, तेही उताराला टेकलेलं. वारा वरच्या वर निघून जातो. पावसाळ्यात डोंगराचं पाणी मागून घरात येतं, कोपऱ्यातल्या दगडी पाटातून वाहतं अन् पुढच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर पडतं. त्या भोकाला आम्ही 'मालूची वाट' म्हणतो. ती बुजवलेलं एक घर दाखवा, मी मिशा उतरवीन.

मालू हा इथला पाथरवट. किती पिढ्यांमागचा, ते कुणालाच ठाऊक नाही. तो अन् त्याची बायको हौसा, दोघं मिळून दगड घडवायची. हौसेचा हात आपल्यापेक्षा सरस आहे, असं मालू स्वतःच चारचौघांत सांगायचा म्हणे.

तेव्हा या मुलखाचा इनामदार होता शिदोजीराव. त्याला खिंडीत तीन मजली वाडा हवा होता, सगळ्या खोऱ्यातून दिसेल असा. मालूनं हात जोडून सांगितलं, "सरकार, इथून डोंगराचं पाणी उतरतं. खाली कड्याच्या आडोशाला बांधू." शिदोजीराव कसला ऐकतोय! मग मालूनं निदान मागच्या भिंतीत पाण्याला बारा वाटा ठेवल्या. त्या इनामदाराच्या नजरेस पडल्या.

"माझ्या वाड्याला भोकं? मला काय गुराखी समजलास?"

त्यानं मालूचा उजवा हात जोत्यावर धरून ठेवायला लावला अन् वरून दगड सोडला. हात चेचला, ताप चढला, आठव्या दिवशी मालू गेला.

तेरावा झाल्यावर इनामदारानं हौसेला बोलावून घेतलं. नवऱ्याचं काम पुरं कर म्हणाला, भोकं बुजव. गावाला वाटलं, ही आता त्याच्या तोंडावर थुंकते. पण हौसा मान खाली घालून म्हणाली, "सरकार म्हणतील तस्सं." शिदोजीराव तिला मेलेला हवा होता, आणि तोही त्याच्याच भिंतीखाली.

चुन्यात गूळ अन् हिरडा कालवून तिनं बाराही वाटा अशा बुजवल्या की मुंगी शिरायची नाही. आयुष्यात तिनं इतकं चोख काम केलं नव्हतं. सासू तान्हाई तिच्यावर कडाडली, "माझ्या लेकाच्या मारेकऱ्याचं घर सजवतेस? काळं कर इथून!" हौसेनं ते ऐकून घेतलं. मनातला बेत सांगितला असता तर म्हातारीच्या पोटात राहिला नसता. त्या दिवसापासून दोघींच्या चुली वेगळ्या झाल्या.

आता पाथरवटांची एक रीत आहे, 'पाठ लावणं'. नवं घर बांधलं की आषाढात, डोंगर पाण्यानं भरला की, बांधणाऱ्यानं परत यायचं अन् मागच्या भिंतीला पाठ लावून बसायचं. भिंत काय म्हणते ते पाठीला कळतं. मग तो राहा म्हणाला तर घरच्यांनी राहायचं, निघा म्हणाला तर निघायचं. शिदोजीराव असल्या रीतींना हसायचा, पण त्याच्या बायकोनं हट्टच धरला.

नऊ दिवस पाऊस थांबला नव्हता. भरदुपारी हौसा वाड्यात आली. भिंतीला नुसता तळवा लावला अन् तिला कळलं. भिंत आतून थरथरत होती.

ती इनामदारीणबाईंना म्हणाली, "बाईसाहेब, पोरंबाळं, गडीमाणसं सगळी घेऊन देवळात जा. पाठ लावताना घरात फक्त मालक अन् पाथरवट." अशी काही रीत नव्हती बरं का. खोटं बोलली ती. तिचं वैर एकट्याशी होतं.

वाडा रिकामा झाला. शिदोजीराव वस्ताद, तो म्हणाला, "आधी तू बैस." हौसा बसली. हे तिला ठाऊकच होतं. घरून निघताना ती आपली चूल विझवून आली होती. मग तोही ऐटीत शेजारी टेकला.

आत काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं, असं विचारू नका. इथं सगळे असंच सांगतात.

"हौसे, भिंत ओली कशी गं?"

"डोंगर वाट मागतोय, सरकार. बारा होत्या. तुम्ही बुजव म्हणालात, मी बुजवल्या."

तो ताडकन उठायला गेला. हौसेनं दोन्ही हातांनी त्याचं उजवं मनगट धरलं. वीस वर्षं घण मारलेले हात ते. तो ओरडला, "सोड! सोड मला!"

"मालूही असंच म्हणाला होता ना?" हौसा म्हणाली.

आणि भिंत आली.

चौथ्या दिवशी दोघं सापडली. मनगट तिच्या मुठीतच होतं. लोहार आला, गडी आले, पण मूठ सुटेना. इनामदाराची माणसं म्हणाली, बोटं तोडा. तेवढ्यात तान्हाई काठी टेकत आली. सगळ्यांना तिनं शिव्या घालून बाजूला काढलं, चिखलात बसली अन् सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. "चुकले गं बाई मी," ती रडत म्हणाली, "तुला ओळखलंच नाही. झालं तुझं काम. सोड आता." तेव्हा ती बोटं आपोआप उघडली म्हणे.

आजही ओहळवाडीत घर पुरं झालं की मालकाला मालूच्या वाटेत आतून उजवा हात घालावा लागतो. बाहेरून पाथरवटाची बायको त्याचं मनगट धरते. मग तो कितीही मोठा असो, सरपंच असो नाहीतर साहेब, गुडघे टेकून गप बसतो. पाथरवटाच्या घरातली सगळ्यांत म्हातारी बाई "सोड गं आता" म्हणेपर्यंत हात सुटत नाही. आणि कारागिराला उलट बोललेला मालक असला, तर म्हातारीला त्या दिवशी जरा कमीच ऐकू येतं, जरा उशिरानंच सुचतं.